घरगुती फळरस (कोकण)

कोकण किनारपट्टीवर घरच्या घरी फळांचा, क्वचित भाज्यांचा, ताजा रस काढण्याची पद्धत. उन्हाळ्यात काजूची बोंडे, कैरी आणि जांब, तर पाऊस तोंडावर आला की रातांबे (कोकमाची फळे), असा या रसाचा हंगाम फिरतो. येथील बरीच फळे आंबट किंवा तुरट असल्यामुळे नुसती पिळून पिता येत नाहीत. हा आंबटपणा आणि तुरटपणा ताब्यात आणण्यातच घरच्या बाईमाणसांचे कसब दिसते.

रातांब्याला, ज्याला सिंधुदुर्गात भिरंड म्हणतात, मिक्सरची गरज नसते. पिकून गडद लाल झालेली फळे धुऊन, पुसून, अर्धी कापतात आणि बिया काढून सालींच्या वाट्यांत साखर भरतात. किलोभर सालींना साधारण 2 किलो साखर लागते. या वाट्या चिनी मातीच्या किंवा काचेच्या बरणीत रचून, तोंडाला फडके बांधून, बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की साखर सालीतला रस ओढून घेते आणि त्याबरोबर अँथोसायनिन हे लाल रंगद्रव्य व हायड्रॉक्सिसिट्रिक आम्ल पाकात उतरते. हेच अमृतकोकम. साखरेऐवजी मीठ वापरले की आगळ होते, आणि नारळाच्या दुधात आगळ घातले की सोलकढी. आम्ल धातूला खाते, म्हणून पितळेचे किंवा ॲल्युमिनियमचे भांडे कटाक्षाने टाळावे. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे.

काजूच्या बोंडांची मात्र उपेक्षा होते आणि ती खेदाची आहे, कारण बी काढून घेतल्यावर बागेत कुजत पडणाऱ्या या बोंडात संत्र्याच्या कित्येक पट क जीवनसत्त्व असते. रस पिताना घसा धरतो तो टॅनिन या तुरट द्रव्यामुळे. साबुदाणा पाण्यात शिजवून केलेली पातळ पेज थंड करून रसात मिसळली आणि रस काही तास थंड जागी स्थिर ठेवला, तर टॅनिन पेजेला धरून तळाशी बसते व वरचा निवळ रस अलगद ओतून घेता येतो. बोंडे झाडावरून पडल्याच्या दिवशीच वापरावी लागतात. दुसऱ्या दिवशी ती आंबू लागतात.

कैरीचे पन्हे उकडलेल्या गराचे असते, त्यामुळे ते काटेकोरपणे ताज्या रसात मोडत नाही.

गाळलेल्या रसात फळातला बराचसा चोथा उरत नाही आणि साखर पटकन रक्तात उतरते. जागतिक आरोग्य संघटना फळांच्या रसातील साखरही मोकळी साखर, म्हणजे वरून घातलेल्या साखरेसारखीच मर्यादेत ठेवावी अशी साखर, म्हणूनच मोजते. त्यामुळे मधुमेह असणाऱ्यांनी अमृतकोकमाच्या सरबताला औषध समजू नये, आणि रक्तदाब असणाऱ्यांनी आगळातल्या मिठाचा हिशेब ठेवावा. शहाळ्याचे पाणी आणि अखंड फळ हे दोन्ही पर्याय दारातच असतात.

भाज्यांच्या रसात परसातल्या दुधीविषयी विशेष सावधगिरी हवी. दुधीचा तुकडा आधी जिभेवर ठेवून पाहावा. कडू लागला तर त्यात कुकरबिटॅसिन हे विषारी द्रव्य असते आणि तो रस गुळाने गोड करूनही पिऊ नये. बिंबलांचा (लांबट, हिरव्या, अतिशय आंबट फळांचा) दाट रस पेलाभर पिण्याचा प्रकारही धोक्याचा आहे, कारण त्यातील ऑक्झॅलेटमुळे मूत्रपिंडे अचानक निकामी झाल्याची उदाहरणे केरळात नोंदली गेली आहेत. माशाच्या कालवणात आंबटासाठी घालतात तेवढी चार-दोन बिंबले ही वेगळी गोष्ट आहे.