वॉरिंग्टनचे विल्यम बीमाँट: खरेदीखतं वाचता वाचता गावाचा इतिहास लिहिणारे सॉलिसिटर

इंग्लंडमधल्या कुठल्याही मध्यम आकाराच्या गावाचा इतिहास शोधायला गेलं की शेवटी हाती लागतं ते एकोणिसाव्या शतकातलं एखादं जाडजूड पुस्तक, आणि ते लिहिणारा बहुतेक वेळा एकतर पाद्री असतो नाहीतर वकील. पाद्र्याचं समजू शकतं, चर्चची जन्म-मृत्यूची रजिस्टरं त्याच्याच कपाटात. पण वकील का? मर्सी नदीकाठच्या वॉरिंग्टनच्या विल्यम बीमाँट (१७९७–१८८९) यांच्याकडे बघितलं की ते नीट कळतं, म्हणून त्यांच्यामागची ही सगळी गोष्ट.

आधी सॉलिसिटर म्हणजे काय ते. कोर्टात उभं राहून युक्तिवाद करतो तो बॅरिस्टर, आणि ऑफिसात बसून जमिनीचे व्यवहार, मृत्युपत्रं, कर्जाचे कागद बघतो तो सॉलिसिटर, मुंबई हायकोर्टाच्या ओरिजिनल साइडला ही वाटणी कित्येक वर्षं होती त्यामुळे आपल्याला शब्द नवा नाही. आता त्या काळी इंग्लंडात तलाठ्याकडे जाऊन सातबारा काढावा असलं काही नव्हतं. घर विकायचं तर ते माझं आहे हे विकणाऱ्यानेच जुने दस्त दाखवून सिद्ध करायचं, आणि निदान साठ वर्षं मागची साखळी दाखवायची असा रिवाज. म्हणजे सॉलिसिटरच्या ऑफिसात पत्र्याच्या पेट्याच पेट्या, आणि पेटीत मेंढीच्या कातड्यावर लिहिलेले दस्त. मेंढीचंच कातडं, कारण ते खरवडून मजकूर बदलायला गेलं की त्याचे पापुद्रे सुटतात आणि लबाडी लगेच दिसते! जुन्या काळी एकाच कातड्यावर तोच करार दोनदा लिहायचे आणि मधून दातेरी कापून एकेक तुकडा दोघांना द्यायचे, पुढे भांडण झालं तर दात जुळवून बघायचे. इंडेंचर हा शब्द त्या दातांवरूनच आलाय. आणि अक्षर असं की आपल्याकडे मोडी न येणाऱ्यापुढे पेशव्यांच्या दप्तरातला कागद ठेवावा तसं, वर भाषा लॅटिन, त्यातही निम्मे शब्द तोडून लिहिलेले. हे वाचायची सवय ज्याच्या धंद्यातच आहे त्याने आणखी दोनचार शतकं मागे जायचं ठरवलं तर त्याला अडवणारं कोण? इतिहासाचं कॉलेजशिक्षण न घेताही ही माणसं मूळ कागदावरून लिहू शकली ती यामुळे, असं माझं ठाम मत आहे.

वॉरिंग्टन तेव्हा लँकेशायरच्या अगदी दक्षिण टोकाला, नदी ओलांडली की चेशायर. जहाजांच्या शिडांचं कापड, टाचण्या, कानशी, काच, साबण, नंतर तार, असलं सगळं बनवणारं कामकरी गाव. पण कारभार मात्र मध्ययुगीन. गावाचा एक लॉर्ड, म्हणजे जहागीरदार, त्याचं मॅनर कोर्ट म्हणजे जहागिरीची कचेरी, कॉन्स्टेबल तिथून निवडायचे, आणि त्याच्या जोडीला १८१३ च्या कायद्याने आलेले कमिशनर. १८३२ मध्ये गावाला स्वतःचा खासदार मिळाला तरी निवडलेली कौन्सिल नव्हती! १८३५ च्या म्युनिसिपल कायद्याने वाट मोकळी झाली, मँचेस्टर आणि बर्मिंगहॅमला १८३८ मध्ये सनद मिळाली, वॉरिंग्टनला मात्र १८४७ उजाडलं, आणि नव्या बरोचे, म्हणजे सनद मिळून स्वतःचा कारभार चालवणाऱ्या गावाचे, पहिले मेयर झाले बीमाँट.

मेयर झाल्यावर लगेचच जे झालं ते मला या माणसाच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम वाटतं. १८४५ मध्ये पार्लमेंटने म्युझियमचा कायदा केला होता, दहा हजारांवर वस्तीच्या बरोंना त्यासाठी पौंडामागे अर्धा पेनी कर बसवता येईल आणि तिकीट एक पेनीच्या वर ठेवायचं नाही असा. कायदा म्युझियमचा, लायब्ररीचा नाही. वॉरिंग्टनने १८४८ मध्ये म्युझियमच्या जोडीला लायब्ररी काढली, गावात १७६० पासून चाललेल्या वर्गणीच्या लायब्ररीची पुस्तकं आणि नॅचरल हिस्टरी सोसायटीचा संग्रह असं दोन्ही त्यात आलं. बसून वाचायला कोणीही यावं, घरी न्यायचं तर वर्गणी. लायब्ररीचा खरा कायदा १८५० मध्ये झाला, म्हणजे कायदा व्हायच्या दोन वर्षं आधी या गावात कराच्या पैशावर लायब्ररी सुरू होती, आणि देशातली तशी पहिली हा मान वॉरिंग्टनलाच देतात. स्वतःची इमारत १८५७ मध्ये झाली, म्युझियम आजही तिथंच आहे.

आता पुस्तकं. मँचेस्टरला १८४३ मध्ये चेटम सोसायटी निघाली होती, लँकेशायर-चेशायरचे जुने कागद छापायला. बीमाँटनी १८४९ मध्ये तिच्यासाठी लेघ या जमीनदार घराण्याची १४६५ ची लॅटिनमधली भाडेकरूंची यादी संपादून दिली. ऐकायला रुक्ष वाटेल, पण कुठल्या रस्त्यावर कोणाचं घर, कोण किती भाडं देतो, शेजारी कोण, असं पंधराव्या शतकातलं गाव त्यात घरोघर फिरता येतं. आणि हे नेमकं सॉलिसिटरचं रोजचं वाचन, मालमत्ता, चतुःसीमा, भाडं!

मग १८६३ मध्ये डूम्सडे बुक, म्हणजे राजाने करवलेल्या जमिनीच्या पाहणीची वही, तिच्यातल्या चेशायर आणि लँकेशायरच्या भागाचं भाषांतर. १०८६ च्या त्या पाहणीत लँकेशायर नावाचं काही नाहीच, रिबल आणि मर्सी या नद्यांमधला मुलूख म्हणून त्याच्या दक्षिण भागाची नोंद चेशायरच्या मागे जोडून दिलीय. तेव्हा सरकारी नकाशा खातं मूळ पानांच्या फोटोवरून हुबेहूब प्रती छापत होतं, त्या प्रतीशेजारी ठेवून सामान्य वाचकाला अर्थ लागावा म्हणून हे भाषांतर.

सगळ्यात मोठं काम म्हणजे वॉरिंग्टनच्या लॉर्डांचा इतिहास, दोन भाग, १८७२ आणि १८७३. बोटलर घराणं तिथे पिढ्यान्‌पिढ्या लॉर्ड होतं. विल्यम ल बोटलरने १२९२ मध्ये गावकऱ्यांना सनद दिली, गाव स्वतःचं कोर्ट चालवायला लागलं, म्हणजे बरो होऊ घातला, आणि १३०० मध्ये त्याच गावकऱ्यांकडून ते कोर्ट सोडून दिल्याचं लिहून घेतलं. जे गेलं ते परत मिळायला १८४७ यावं लागलं. हे सांगणारा माणूस स्वतः त्या परत मिळालेल्या बरोचा पहिला मेयर, हे डोक्यात ठेवून ते वाचलं की अंगावर काटा येतो.

या पुस्तकाच्या आधी घरात मोठा घाव बसला होता. एकुलता एक मुलगा, विल्यम जॉन, ईटन आणि केंब्रिजला शिकलेला, तिथल्या ट्रिनिटी कॉलेजचा फेलो, धर्मगुरू. जेरुसलेमला राहून अरबांना अरबीत प्रवचन देणारा, क्रिमियाच्या युद्धात सेबास्टोपोलसमोरच्या छावणीतल्या हॉस्पिटलांत काम केलेला. पूर्वेकडे लागलेल्या तापाने तब्येत खाल्ली आणि ऑगस्ट १८६८ मध्ये तो गेला, वय चाळीस. वडील तेव्हा सत्तरीत. त्यानंतर कोणी लिहिणं थांबवलं असतं तरी नवल नव्हतं, पण लॉर्डांचे ते दोन भाग, हॉल्टनचा किल्ला आणि नॉर्टनचा मठ, शेजारच्या विनिक गावाचा इतिहास, हे सगळं त्या मृत्यूनंतरचं आहे. बीमाँट ऑर्फर्ड हॉलमध्ये राहायचे, पक्षी आणि किडे जमवणाऱ्या ॲना ब्लॅकबर्नचं जन्मघर ते.

शेवटचं पुस्तक नदीपलीकडच्या लॅचफर्डवर. मँचेस्टरला समुद्राशी जोडणारा शिप कॅनॉल १८८७ पासून खणायला घेतला होता आणि त्याची वाट लॅचफर्डमधूनच जात होती, तिथली शेतं आणि रस्ते उकरले जात असतानाच त्या गावाचा इतिहास छापून झाला. साल १८८९, आणि त्याच वर्षी नव्वदी ओलांडलेले बीमाँट वारले.