वारा पडल्यावरही बोटी बंदरातच का थांबतात?

२०१७ च्या नोव्हेंबरअखेरीस ओखी चक्रीवादळ कन्याकुमारीजवळून अरबी समुद्रात शिरलं, तेव्हा केरळ आणि तमिळनाडूच्या कितीतरी मासेमारी बोटी खोल समुद्रात होत्या. किनाऱ्यापासून काही मैल पुढे गेलं की मोबाइलची रेंज जाते, बोटीवरचा व्हीएचएफ हा बिनतारी रेडिओही फार लांब ऐकू येत नाही, त्यामुळे अनेकांना इशारा मिळालाच नाही. दोन-तीन दिवसांनी यांतल्या ६८ बोटी ९५२ माणसांसह सिंधुदुर्गात देवगडला सुखरूप लागल्याचं तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं. घरापासून शेकडो मैल लांब, परक्या मुलखात, पण जिवंत.

देवगडकरांना परमुलखातल्या बोटींचं नवल नाही. १ जून ते ३१ जुलैची मासेमारी बंदी उठली की ऑगस्टमध्ये समुद्र पुन्हा एकदा तरी बिघडतोच, आणि गुजरात, कर्नाटक, तमिळनाडूच्या नौका आसऱ्याला येतात. २०१९ च्या ऑक्टोबरात क्यार वादळ तर कोकणासमोरच तयार झालं, तेव्हाही बंदर असंच भरलं होतं. अशा वेळी जेटीवर उभं राहिलं की एक गोष्ट हमखास दिसते. वारा पडलेला असतो, ऊन पडलेलं असतं, आणि तरीही जुना तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, नांगर उचलायला तयार नसतो. नवख्याला हा फाजील भित्रेपणा वाटतो. त्यामागचं भौतिकशास्त्र मात्र पक्कं आहे.

आधी बंदराकडे पाहू. देवगडचं किल्ल्याचं भूशिर, म्हणजे जमिनीचं टोक, उत्तरेकडे समुद्रात घुसलं आहे आणि बंदर त्याच्या पूर्वेला, म्हणजे डोंगराच्या पाठीमागे दडलेलं आहे. अरबी समुद्रात वादळ किनाऱ्याला समांतर उत्तरेकडे सरकतं तेव्हा कोकण त्याच्या उजव्या हाताला येतं. उत्तर गोलार्धात वादळाभोवतीचा वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो, त्यामुळे उजव्या अंगाला वाऱ्याचा वेग आणि वादळाची स्वतःची चाल यांची बेरीज होते. नेमकं हेच अंग जास्त वाईट, आणि तिथला वारा दक्षिणेचा, पुढे नैर्ऋत्येचा. देवगडचं भूशिर हीच दिशा अडवतं.

वादळाचं केंद्र कुठल्या बाजूला आहे ते समुद्रात असताना ओळखायची युक्ती डच हवामानशास्त्रज्ञ बाइस बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडली. उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभं राहा, कमी दाबाचं केंद्र तुमच्या डाव्या हाताला असतं. तासाभराने पुन्हा पाहा. वारा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळत चालला असेल, म्हणजे आग्नेयेचा दक्षिणेकडे, दक्षिणेचा नैर्ऋत्येकडे, तर तुम्ही वादळाच्या उजव्या, धोक्याच्या अर्ध्या भागात आहात. उपग्रह नव्हते तेव्हा जहाजांचे कप्तान एवढ्यावर निर्णय घेत. आजही बॅटरी संपलेल्या बोटीवर हीच युक्ती उरते.

यातूनच आसऱ्याची जागा निवडण्याचा एक नियम निघतो, आणि तो लोक हटकून विसरतात: आत्ता कुठला वारा आहे ते पाहून जागा निवडू नका, बारा तासांनी कुठला असेल ते पाहा. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं. त्याच दिवशी रत्नागिरीसमोर नांगरलेलं बसरा स्टार नावाचं जहाज नांगरावर टिकलं नाही आणि भरकटत मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं. खलाशी वाचले. जहाज मात्र पुढे कित्येक वर्षं तिथेच पडून होतं आणि लोक त्याच्यासमोर फोटो काढत राहिले.

आता मूळ प्रश्न. वारा पडल्यावर समुद्र का निवळत नाही?

लाटा वाऱ्यानेच तयार होतात, पण एकदा तयार झाल्या की त्यांना वाऱ्याची गरज उरत नाही. खोल पाण्यात लाटेचा वेग ठरतो तो दोन शिखरांमध्ये किती सेकंद जातात यावर. या सेकंदांना लाटेचा कालावधी म्हणतात. कालावधीला १.५६ ने गुणलं की लाटेच्या शिखराचा वेग मीटर प्रतिसेकंदात मिळतो, आणि लाटांचा अख्खा घोळका, म्हणजे खरी ऊर्जा, त्याच्या निम्म्या वेगाने पुढे सरकते. १५ सेकंदांच्या लाटांचा घोळका ताशी सुमारे ४२ किलोमीटर जातो, १२ सेकंदांचा ३४, आणि ७ सेकंदांचा जेमतेम २०. समजा वादळ देवगडपासून ७०० किलोमीटरवर आहे. तिथून एकाच वेळी निघालेल्या लाटांपैकी १५ सेकंदांच्या लाटा १६-१७ तासांत पोचतात आणि ७ सेकंदांच्या लाटांना दीड दिवस लागतो. शाळेच्या शर्यतीत एका रेषेवरून सुटलेली पोरं मैदानाच्या टोकाला पांगून पोचतात, तसंच हे.

वादळाची स्वतःची चाल बहुधा ताशी १०-२० किलोमीटर असते. म्हणजे लांब लाटा वादळाच्या कितीतरी पुढे धावतात. आभाळ निरभ्र, वारा नाही, आणि तरी पुळणीवर लाटा अंतराअंतराने, जड आवाजात फुटायला लागतात, ती वादळाची आगाऊ वर्दी असते. वादळ निघून गेल्यावर उलट घडतं. त्याने मागे ठेवलेल्या लाटा दिवस-दोन दिवस येतच राहतात. या लांबच्या लाटांना इंग्रजीतूनच आलेला 'स्वेल' हा शब्द आता बंदरावरही रुळला आहे. केरळात तर हजारो किलोमीटर दक्षिणेला, हिंदी महासागराच्या पार टोकाला झालेल्या वादळाच्या लाटा भर उन्हात येऊन घरात पाणी घालतात. तिथे याला कल्लकडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र.

हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था लाटांच्या उंचीबरोबर कालावधी आणि दिशेचाही अंदाज देते, पण बातम्यांत फक्त उंची येते. 'दोन मीटरच्या लाटा' एवढंच ऐकून निर्णय घेणं हा माझ्या मते सगळ्यात मोठा घोटाळा आहे. खोल समुद्रात दोन मीटरची, १२ सेकंदांची लाट बोटीला सावकाश वर उचलते, सावकाश खाली ठेवते, चहासुद्धा सांडत नाही. दोन मीटरचीच, पण ५ सेकंदांची लाट बोटीला ठोकून काढते. म्हणजे लांब लाट बरी? समुद्रात हो. खाडीच्या मुखावर नेमकं उलट.

लाटेला तळाची जाणीव होते ती तिच्या लांबीच्या, म्हणजे दोन शिखरांमधल्या अंतराच्या, निम्म्या खोलीवर. ५ सेकंदांची लाट ३९ मीटर लांब, तिला तळ लागतो साधारण २० मीटर पाण्यात. १२ सेकंदांची लाट सव्वादोनशे मीटर लांब, तिला शंभर मीटरहून जास्त पाण्यातच तळ लागतो आणि तिथून पुढे ती मंदावत जाते. मंदावली की तिची ऊर्जा दाटते आणि उंची वाढते. चार मीटर खोलीच्या मुखाशी पोचेपर्यंत ५ सेकंदांची दोन मीटरची लाट किंचित कमीच झालेली असते. १२ सेकंदांची तेवढीच लाट अडीच मीटरची होते. उंची पाण्याच्या खोलीच्या पाऊणपटीच्या पुढे गेली की लाट फुटते, म्हणजे या लाटेला सव्वातीन मीटर पाणी पुरतं. खाडीच्या मुखावर वाळूचा दांडा, म्हणजे पाण्याखालचा उंचवटा, असेल तर ओहोटीला तिथे एवढंच पाणी उरतं. समुद्रात जी लाट जाणवलीही नव्हती, ती नेमकी बंदराच्या दारात कोसळते, आणि तीही मागून.

मागून येणारी लाट मोटरबोटीला सगळ्यात वाईट. आपल्याकडचा ट्रॉलर आठ-नऊ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर) चालतो, लाट त्याहून वेगाने येते. पिछाडी उचलली जाते, पंखा आणि सुकाणू अर्धवट पाण्याबाहेर येतात, इंजिन मोकळं फिरून कर्कश ओरडतं, आणि नेमक्या त्या क्षणी बोट सुकाणूला दाद देत नाही. नाळ, म्हणजे बोटीचं पुढचं टोक, खालच्या लाटेत रुतते, पिछाडी फिरते, बोट लाटेला आडवी होते. पुढचं सांगायला नको. बोटी बुडाल्याच्या बातम्यांत 'खाडीच्या मुखाशी' हे शब्द वारंवार येतात ते यामुळे.

त्यात ओहोटीचं पाणी बाहेर धावत असेल तर लाटेला समोरून विरोध होतो. लाटांची लांबी आखडते, त्या उभ्या होतात. तीन नॉटचा उलटा प्रवाह असेल तर ४ सेकंदांच्या लाटांना आत सरकताच येत नाही. त्या जागच्या जागी साचतात आणि फुटतात. म्हणून मुखातून आत यायचं किंवा बाहेर पडायचं ते भरतीच्या शेवटच्या तास-दीड तासात. तेव्हा दांड्यावर पाणी जास्त असतं आणि प्रवाहाचा जोर सरत आलेला असतो. वेळ साधली नाही, तर बाहेर खोल पाण्यात नाळ लाटेकडे ठेवून, इंजिन हळू चालवत थांबणं मुखाशी जुगार खेळण्यापेक्षा शहाणपणाचं. शास्त्री नदीच्या मुखावरचं जयगड, वाघोटनवरचं विजयदुर्ग, वाशिष्ठीवरचं दाभोळ, ही सगळी आसऱ्याची ठिकाणं आत शिरल्यावर चांगली आहेत. प्रश्न आत शिरण्याच्या वेळेचा असतो.

अंदाजातल्या उंचीबद्दल आणखी एक. जाहीर होते ती सगळ्यात उंच एकतृतीयांश लाटांची सरासरी. काही तासांत एखादी लाट तिच्या जवळजवळ दुप्पट येतेच. तीन मीटरचा अंदाज म्हणजे साडेपाच मीटरची एक भेटणार असं धरूनच चालायचं.

आत आल्यावर काम संपत नाही. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. वाऱ्यासमोर २० चौरस मीटर अंग असलेल्या बोटीवर ३० नॉटच्या वाऱ्यात जवळपास २९० किलोचा रेटा बसतो, ६० नॉटमध्ये साडेअकराशे किलोच्या पुढे. नांगर वजनाने धरत नाही, तळाच्या चिखलात आडवा ओढला गेला तर धरतो, आणि आडवी ओढ मिळायला दोर लांब सोडावा लागतो. पाण्याची खोली, भरतीने वाढणारं पाणी आणि नाळेची उंची यांची बेरीज साडेआठ मीटर असेल, तर सातपट, म्हणजे ६० मीटर. नांगराजवळ जड साखळी असली की ओढ तळाशी आडवी राहते आणि झटकेही तीच पचवते.

पण ६० मीटर दोरावरची बोट वारा फिरला की ६० मीटर त्रिज्येचं वर्तुळ काढणार. शेकडो बोटी कोंबलेल्या बंदरात एवढी जागा कोण देतो? मग बोटी अंगाला अंग लावून बांधतात, मध्ये जुने टायर अडकवतात. ही तडजोड आहे, आणि लांब कालावधीच्या लाटा तिची परीक्षा घेतात. छोट्या लाटा भूशिराच्या सावलीत संपतात, लांब लाटा मात्र टोकाला वळसा घालून आत शिरतात. वरवर बंदर आरशासारखं दिसतं आणि तरी अख्खी रांग दर १२ सेकंदांनी पुढेमागे होते. दोर तुटतो तो ताणाने कमी, घासून जास्त: जिथे तो काठावरून जातो त्या वितभर जागेत. तिथे जुन्या रबरी पाइपाचा तुकडा चढवलेला असतो, आणि रात्री एक माणूस टॉर्च घेऊन फक्त तेवढंच पाहत फिरतो.

इंजिनाकडेही थांबण्याच्या दिवसांतच पाहायचं. डिझेलच्या टाकीच्या तळाशी पाणी, गंज आणि काळा चिकट गाळ महिनोन्‌महिने शांत बसलेला असतो. बोट हिंदकळली की तो ढवळून वर येतो, फिल्टर तुंबतो आणि इंजिन बंद पडतं. नेमकं तेव्हा, जेव्हा त्याची सगळ्यात जास्त गरज असते. टाकीच्या तळाचा नळ सोडून स्वच्छ डिझेल येईपर्यंत गाळ काढणं आणि दोन जादा फिल्टर हाताशी ठेवणं, एवढ्याने पुष्कळ अनर्थ टळतात.

मग निघायचं कधी? बंदरावर हवामान खात्याचा बावटा, म्हणजे धोक्याची खूण, असतो. १ आणि २ नंबरचे बावटे लांबच्या समुद्रातल्या बिघाडाचे, ३ नंबर म्हणजे याच बंदराला जोराच्या वाऱ्याचा धोका, ४ नंबर म्हणजे वादळाचा. पण बावटा उतरला म्हणजे खाडीचं मुख निवळलं असं नव्हे. ते पाहायला एखाद्या उंच जागी घड्याळ घेऊन उभं राहायचं, दांड्यावर सलग दहा-पंधरा लाटा मोजायच्या. शिखरांमधलं अंतर १२ सेकंदांवरून ८-९ वर आलं, म्हणजे वादळाच्या लांब लाटा सरत आल्या. मग भरतीची वेळ बघायची. १२ सेकंदांवरून ते पुन्हा १४-१५ कडे चाललं असेल, तर कुठेतरी लांब नवीन काही तयार झालं आहे. २०१९ मध्ये क्यार पश्चिमेकडे दूर जात असतानाच ऑक्टोबरअखेर लक्षद्वीपजवळ महा वादळ तयार झालं आणि अरबी समुद्रात एकाच वेळी दोन चक्रीवादळं फिरू लागली. माशांसाठी भरलेला बर्फ वितळत होता, खर्च चढत होता, तरी त्या आठवड्यात बंदर न सोडणाऱ्यांचंच गणित बरोबर होतं.