धोका वेगळा, दोष वेगळा

"तंबाखू खायची सवय होती का?" कॅन्सरच्या रुग्णाला हा प्रश्न दोन ठिकाणी ऐकावा लागतो. ओपीडीत केसपेपर लिहिताना डॉक्टर विचारतात आणि घरी शहाळी घेऊन भेटायला आलेले पाहुणेही विचारतात. शब्द तेच. पण डॉक्टरांना धोका जोखायचा असतो, पाहुण्यांना दोष कुणाचा ते ठरवायचं असतं.

माझ्या मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला. तिने तंबाखूला कधी हात लावला नव्हता, म्हणून पाहुण्यांनी दुसरं कारण काढलं: "तू सगळं मनात दाबून ठेवतेस ना, तेच असं बाहेर आलं." ते गेल्यावर उशीवरचे गळलेले केस वेचता वेचता मावशीने मला विचारलं, "मी सासरी भांडायला हवं होतं का गं?" त्या प्रश्नाचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही.

धोका हा हजारो माणसांचा हिशेब असतो. सिगारेट ओढणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कित्येक पटींनी जास्त होतो, यात शंका नाही. तरीही ओढणाऱ्यांपैकी बहुतेकांना तो होत नाही आणि कधीच न ओढलेल्या काहींना होतो. वाढतं वय, आईवडिलांकडून आलेला, बीआरसीएसारख्या जनुकातला दोष, पेशी दुभंगताना निव्वळ योगायोगाने होणाऱ्या चुका, हे सगळंच त्यात असतं. त्यामुळे समोरच्या एका माणसाकडे बोट दाखवून "तुझ्या अमुक वागण्यामुळेच" असं म्हणता येत नाही.

मनात दाबलेल्या दुःखाचं तर तेवढंही नाही. युरोपातल्या सुमारे 1,16,000 लोकांच्या माहितीवरचा अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. कामाचा ताण आणि स्तन, फुप्फुस, आतडं किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर यांचा संबंध त्यात आढळला नाही. "कॅन्सर होणारा स्वभाव" ही कल्पना ज्यांनी जोरात मांडली, त्या लंडनच्या मानसशास्त्रज्ञ हान्स आयझेंक यांना तंबाखू कंपन्यांकडून पैसा मिळत होता. किंग्ज कॉलेजच्या 2019 च्या चौकशीत त्यांचे या विषयावरचे पंचवीसेक शोधनिबंध भरवशाचे नाहीत असं ठरलं, आणि पुढे त्यांतले बरेच मागे घेतले गेले. माणसाच्या स्वभावावर ठपका आला की सिगारेट दोषातून सुटते, हे त्या कंपन्यांना नीट कळत होतं.

आणि जिथे धोका खरा असतो तिथे? आपल्याकडे कित्येक बायकांना मिश्रीची सवय लहानपणी दात दुखला तेव्हा घरच्यांनीच लावलेली असते. तंबाखूतलं निकोटिन मग सहजी सुटू देत नाही. तपासणीच्या रांगेत माझ्यापुढे एक आजी होत्या. डॉक्टरांनी विचारल्यावर आधी त्या "नाही" म्हणाल्या. जावई औषधं आणायला बाहेर गेला, तेव्हा पदर तोंडाशी धरून हळूच म्हणाल्या, "लावते मी मिश्री. पण त्याला सांगू नका."