तान्ह्या पोळ्याचा नंदी मान का हलवत नाही?

पोळा जवळ आला की नागपूरच्या महाल भागातल्या चितारओळीत लाकडी बैलांची रांग लागते. काही मुठीत मावतात, काही उचलायला दोन माणसं लागतात. शिंगांना बेगड, पाठीवर झूल, गळ्यात घुंगरं, पायाखाली फळी आणि फळीला चार चाकं. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, पोरं हे नंदी दोरीनं ओढत घरोघरी नेतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, घेऊन परततात. नागपुरात ही प्रथा दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये सुरू केली असं सांगितलं जातं. खरे बैल जसे मोठ्यांचे, तसे लाकडी बैल पोरांचे, आणि तेही राजवाड्याच्या मानानं.

माझ्या मुलीनं गेल्या वर्षी तिच्या नंदीकडे बघून विचारलं, ‘बाबा, हा चालतो तर मान का नाही हलवत?’ मी तो उलटा करून पाहिला. फळीच्या कडेला खिळा ठोकलेला, त्यात चाक अडकवलेलं, चाक निसटू नये म्हणून खिळ्याचं टोक वाकवलेलं. खिळा जागचा हलत नाही, चाक त्याच्याभोवती फिरतं. तिच्या प्रश्नाचं उत्तर त्या खिळ्यातच होतं.

आपल्या बंडीचंही, म्हणजे बैलगाडीचंही, असंच असतं. आस, म्हणजे दोन चाकांमधला दांडा, बंडीला घट्ट बसवलेला, चाकं त्यावर मोकळी, मधे वंगण. वळताना एक चाक जास्त फिरतं, एक कमी, आणि बंडी सहज वळते. वाहन म्हणून ही रचना फार शहाणपणाची. पण त्यात फिरण्याची सगळी ताकद चाकातच राहते, वर बसलेल्यापर्यंत पोचत नाही. वरची आकृती हलवायची असेल तर चाक आसाला पक्कं करावं लागतं, म्हणजे आसही चाकाबरोबर फिरतो. मग तो मधे वाकवा, त्यावर खुंट्या ठोका, नाहीतर मध्यावरून सरकवलेल्या भोकाची चकती बसवा. आस फिरला की वरची दांडी वर-खाली होणारच. चालत्या खेळण्यांचा इतिहास मला तरी या एका अदलाबदलीचाच इतिहास वाटतो.

चाकावरची खेळणी आपल्याकडे फार जुनी. हडप्पा, मोहेंजोदडोला मातीच्या इतक्या गाड्या सापडल्या की घरोघरी पोरांच्या हातात त्या असणारच. तिथेच मान हलवणारा मातीचा बैलही मिळाला. त्याचं डोकं वेगळं घडवलेलं, मानेतून दोरी ओवलेली. दोरी ओढली की डोकं डुलतं. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वी गाडीही होती आणि मान हलवणारा बैलही होता, फक्त दोघांची गाठ पडलेली नव्हती. मान हातानं हलत होती, चाकानं नाही.

महाराष्ट्रात दायमाबाद आहे. प्रवरेच्या काठी श्रीरामपूर तालुक्यात १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या: दोन बैल जुंपलेला रथ आणि त्यात उभा माणूस, आणि हत्ती, गेंडा, रेडा. चौघांचं मिळून वजन साठ किलोच्या वर. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब, आणि त्याच्या दांडीवर एक कुत्रा उभा. इतकं वजन पोराच्या हातचं नव्हे, ही खेळणी नसून मिरवणुकीची असावीत असं बऱ्याच अभ्यासकांचं म्हणणं आहे. पुढे ‘मृच्छकटिक’ या नाटकाचं तर नावच मातीच्या गाडीवरून पडलं. तिथे सोन्याची गाडी मागणाऱ्या पोराच्या हातात मातीची गाडी येते, आणि वसंतसेना ती आपल्या दागिन्यांनी भरून देते.

चाकानं आकृती हलवण्याचं काम दुसरीकडे आधी जमलं. अलेक्झांड्रियाच्या हेरॉननं पहिल्या शतकात आपोआप चालणाऱ्या फिरत्या देखाव्याचं वर्णन लिहून ठेवलं आहे. आतल्या नळीत धान्याचे बारीक दाणे, दाण्यांवर जड वजन, वजनाला बांधलेली दोरी मागच्या आसाला गुंडाळलेली. खालच्या भोकातून दाणे सांडतात, वजन हळूहळू खाली येतं, दोरी आसाला फिरवते आणि गाडी निघते. वर मद्याचा ग्रीक देव डायोनिसस याची मूर्ती आणि तिच्याभोवती फेर धरणाऱ्या स्त्रिया. दोरी कुठल्या खुंटीला कशी गुंडाळली यावर गाडी पुढे जाणार की मागे, हे ठरायचं. चीनमध्ये तिसऱ्या शतकात मा जूननं दक्षिण दाखवणारी गाडी बनवली. ती कशीही वळली तरी वरच्या बाहुल्याचा हात दक्षिणेकडेच राहायचा. एक ली (अंतराचं चिनी माप) अंतर कापलं की लाकडी माणूस ढोल वाजवायचा, अशीही गाडी तिकडे होती. ती चाकाची फेरी दातेरी चक्रांतून खूप मंद करत वरपर्यंत नेत असे.

हे ऐकून मला जत्रेतली ढोलगाडी आठवते. मातीची चाकं, मातीच्या वाटीवर कागद ताणलेला, पिळलेल्या दोरीत अडकवलेल्या दोन काड्या. गाडी ओढली की फिरत्या आसाच्या खुंट्या काड्यांना दाबून वर उचलतात, सोडतात, आणि पीळ त्यांना कागदावर आपटतो. अगदी स्वस्तात मिळणाऱ्या या गाडीत चाक आसाला पक्कं असतं. म्हणजे जत्रेतल्या कारागिराला ते कधीचंच माहीत होतं.

कारखान्यातला काळ थोडक्यात सांगतो. जर्मनीत ब्रांडेनबुर्गला १८८१ पासून लेमान कंपनीवाले पत्र्याची चावीवाली खेळणी बनवू लागले. अमेरिकेत फिशर-प्राइसनं १९३१ मध्ये न्यूयॉर्कच्या खेळण्यांच्या मेळ्यात सोळा खेळणी मांडली. त्यांतलं लाकडी बदक ओढलं की आवाज करायचं आणि चोच हलवायचं.

मग नागपूरचा नंदी स्थिर का राहिला? माझं मत असं की इथे नंदी सजवला जातो, स्पर्धेत बघितला जातो. बक्षीस उंचीला, रंगाला, झुलीला मिळतं. त्यामुळे वाढईचा, म्हणजे सुताराचा, सगळा जीव वरच्या बैलात गेला, खालच्या चाकाकडे कोणी पाहिलंच नाही.

यंदा पोरीसाठी मी एक केला. मागची चाकं सात सेंटिमीटरची. एक आसाला पक्कं, दुसरं मोकळं ठेवलं, कारण दोन्ही पक्की केली की वळताना एक घासत राहतं. आसावरच्या चकतीचं भोक मध्यापासून अर्धा सेंटिमीटर सरकवलं, म्हणजे मानेखालची दांडी एक सेंटिमीटर वर-खाली होते. पहिल्या फेरीत चूक झाली. चाकाचा घेर जेमतेम बावीस सेंटिमीटर, पोरगी धावू लागली आणि बैल सेकंदाला पाच-सहा वेळा मान झटकू लागला, अंगावर गोमाशी बसल्यासारखा. मग चकती आसावरून काढून वेगळ्या दांड्यावर बसवली, आसावर लहान पुली, दांड्यावर तिच्या तिप्पट व्यासाची, मधे रबरबँड. आता तीन फेऱ्यांत एकदाच मान हलते. शेजारच्या घरी बोजारा घ्यायला गेलो, तेव्हा आजींनी दोरी पोरीच्या हातून घेतली, अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि विचारलं, ‘शेपूट कधी हलणार?’