बंबाला धुराडं होतं: गॅस गिझर आणि बाथरूममधली हवा

दिवाळी सरली की ठाण्यात पहाटेची हवा बोचायला लागते आणि घरोघरी बाथरूमच्या खिडक्या लागतात. काही ठिकाणी लूव्हरच्या काचांवर डासांसाठी आधीच प्लास्टिक चिकटवलेलं असतं. आत भिंतीवर गॅस गिझर, दाराला कडी. आंघोळ करताना चक्कर आली, डोकं जड झालं, तर घरातले म्हणतात, ‘बीपी लो झालं असेल.’ बऱ्याचदा ते बीपी नसतं, अपुऱ्या हवेत गॅस जळून तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू असतो. बंद खोलीत जळणाऱ्या गॅसची हवा कुठून येते आणि धूर कुठे जातो, हा प्रश्न गिझर बसवताना कुणी विचारलेलाच नसतो.

आपल्या आज्या हा प्रश्न रोज सोडवत होत्या. नौपाड्यातल्या जुन्या घरांत तांब्याचा बंब असे. मधोमध उभी नळी, तळाशी जाळी, वरून टाकलेल्या करवंट्या आणि लाकडाच्या ढलप्या. ती नळी हेच बंबाचं धुराडं. बंब पेटायचा मागल्या अंगणात, पडवीत नाहीतर उघड्या मोरीत. पाणी तापलं की बादलीने आत न्यायचं. धूर दिसायचा, डोळे चुरचुरायचे, म्हणून बंब बंद खोलीत पेटवावा असं कुणाच्या मनातही यायचं नाही. गॅसची निळी ज्योत आली आणि डोळ्यांनी मिळणारा तो इशारा गेला.

गिझर आपल्याकडे आला तो जुनं दुखणं घेऊनच. लंडनमधला रंगारी बेंजामिन वॅडी मॉन याने १८६८ मध्ये गॅसवर चालणारा, पाणी क्षणात तापवणारा बंब काढला आणि आइसलँडमधल्या गरम पाण्याच्या कारंज्यावरून त्याला ‘गिझर’ नाव दिलं. त्या पहिल्या गिझरला धूर बाहेर नेणारी नळीच नव्हती. जळलेला वायू थेट न्हाणीघरात पसरायचा. तेव्हाचा गॅस दगडी कोळशापासून काढलेला, म्हणजे त्यात कार्बन मोनॉक्साइड मुळातच मिसळलेला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ मध्ये जे गॅसचे दिवे लागले तेही याच जातीच्या गॅसवर.

कार्बन मोनॉक्साइड मारतो कसा, ते मॉनच्या गिझरच्या आधीच कळलं होतं. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरून बसतो तो. १८५० च्या दशकात फ्रान्समध्ये शरीरक्रियाशास्त्रज्ञ क्लोद बेर्नार यांनी त्याची रक्तावरची क्रिया दाखवली. १८९५ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी तो वायू स्वतः हुंगून परिणाम नोंदवले, आणि कोळशाच्या खाणींत इशाऱ्यासाठी लहान प्राणी-पक्षी ठेवण्याची पद्धत त्यांच्याच कामातून आली. साध्या हवेत श्वास घेत राहिलं तर रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर यायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-सव्वा तास. म्हणून अशा रुग्णाला आधी मोकळ्या हवेत आणायचं आणि मग ऑक्सिजन असेल अशा दवाखान्यात न्यायचं. कांदा हुंगवून किंवा साखरपाणी पाजून वेळ घालवायचा नाही.

मुंबईत सिलिंडरचा गॅस १९५५ च्या सुमारास आला. त्यात कार्बन मोनॉक्साइड नव्हता आणि गळती कळावी म्हणून मुद्दाम उग्र वास मिसळलेला होता. ही वासाची सक्ती आली एका भयंकर घटनेनंतर. १९३७ साली अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावात शाळेत वास नसलेला गॅस साचून स्फोट झाला आणि सुमारे ३०० जण गेले, बहुतेक मुलं. पण तो वास न जळलेल्या गॅसचा. गॅस जळला की वास देणारं द्रव्यही जळतं. अपुऱ्या हवेत जळताना तयार होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. ‘वास येत नाही, म्हणजे ठीक आहे’ ही आपल्या घराघरांत बसलेली समजूत गळतीपुरती खरी आहे. गिझरच्या बाबतीत ती जिवावर बेतू शकते.

गॅस गिझर आपल्याकडे पसरले त्याला तशी कारणं होती. भारनियमनाच्या वर्षांत ठाणे, कळवा, मुंब्रा भागांत तासन्‌तास वीज जायची. दोन सेलवर पेटणारा आणि विजेच्या बिलात न दिसणारा गिझर लोकांना सोयीचा वाटला यात नवल नाही. जागा नव्हती, म्हणून तो बाथरूममध्येच टांगला गेला.

आता थोडा हिशेब करू. मिनिटाला ६ लिटर पाणी २५ अंशांनी तापवायला सुमारे साडेदहा किलोवॅट उष्णता लागते, म्हणजे स्वयंपाकघरातले चार-पाच बर्नर एकदम मोठे केल्यासारखं. तेवढ्यासाठी ताशी जवळपास १ किलो एलपीजी आणि १२ घनमीटरच्या आसपास हवा खर्च होते. चार बाय सात फुटांच्या, आठ फूट उंचीच्या बाथरूममध्ये हवाच असते सव्वासहा घनमीटर. खोली पूर्ण बंद धरली तर चार-पाच मिनिटांत ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून १८ च्या खाली येतो आणि ज्योत बिघडून कार्बन मोनॉक्साइड वाढू लागतो. पाइपच्या गॅसनेही यात फरक पडत नाही, कारण तेवढ्याच उष्णतेला हवा जवळपास तेवढीच लागते. उलट सिलिंडरसाठी बनवलेला गिझर जेट, म्हणजे बर्नरला गॅस सोडणारं बारीक छिद्र, न बदलता पाइपला जोडला, तर ज्योत आणखी बिघडते.

नियम आहेत. राष्ट्रीय इमारत संहिता १९७० मध्ये आली. संहितेच्या २०१६ च्या आवृत्तीत गॅसपुरवठ्यावर स्वतंत्र विभाग आहे. एलपीजीवरच्या छोट्या गिझरसाठी भारतीय मानक ब्युरोचं आयएस १५५५८ हे मानक आहे. गिझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवा, असं बहुतेक माहितीपुस्तिकांतही छापलेलं असतं. पण मानक कारखान्यातून निघालेल्या यंत्राला लागू होतं. ते कुठल्या भिंतीवर टांगायचं हे ठरवतो प्लंबर, तोही घरमालक बोट दाखवेल तिथे. ब्रिटनने नेमकी हीच जागा कायद्यात पकडली. १९९८ च्या तिथल्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त बंद रचनेचं उपकरण चालतं, म्हणजे जळायला लागणारी हवा बाहेरून घेणारं आणि धूरही बाहेरच सोडणारं. मला हा नियम आपल्याकडेही सक्तीचा हवा आहे. आपल्या बाथरूम त्यांच्यापेक्षा लहान आहेत.

डक्टचाही, म्हणजे इमारतीतल्या उभ्या पोकळीचाही, विचार करायला हवा. जुन्या इमारतींत बाथरूमची खिडकी उघडते ती सगळ्या मजल्यांना सामाईक असलेल्या डक्टमध्ये. गिझरची नळी त्या डक्टमध्ये सोडली, तर गरम वायू वर चढतो आणि वरच्या मजल्याच्या लूव्हरमधून आत शिरू शकतो. एक्झॉस्ट फॅन लावला पण दाराखाली फटच नाही, तर पंखा नळीतला धूर उलटा खोलीत ओढतो. हवा आत यायला वाट हवी, धूर बाहेर जायला दुसरी.

आमच्या सोसायटीचा पुनर्विकास सुरू आहे. नकाशांत गॅसची जोडणी फक्त ओट्याशी दाखवली होती. लोक पुढे तिथून नळी ओढून गिझर बाथरूममध्ये नेणार, हे दिसतच होतं. म्हणून सभेत मागणी केली की ड्राय बाल्कनीत गॅस आणि पाण्याची एकेक जोडणी आत्ताच काढून ठेवा आणि तिथून बाथरूमपर्यंत गरम पाण्याची पाइप भिंतीतून न्या. आर्किटेक्टने सुधारित नकाशात ती दाखवली आहे. बाल्कनी पुढे काचा लावून बंद करता येणार नाही, अशी अट करारात घालायची की नाही, यावर पुढच्या महिन्यात मतदान आहे.