भेदभावाच्या तक्रारी आणि समता यंत्रणांची पोहोच (ठाणे व नवी मुंबई)

जात, धर्म, लिंग, अपंगत्व किंवा लैंगिक ओळख यांवरून कोणाला काम, शिक्षण अथवा सार्वजनिक सेवा नाकारली गेली किंवा त्रास दिला गेला, तर त्याची दखल घेणाऱ्या वैधानिक संस्थांना समता यंत्रणा म्हणतात. तक्रार आली की या संस्थेचे काम सुरू होते, असा सर्वसाधारण समज आहे. पण ज्यांना भेदभावाची झळ जास्त बसते, त्यांनाच अर्ज करणे सर्वांत अवघड जाते. म्हणून लोकांपर्यंत आपणहून जाणे हेही यंत्रणेचे काम मानले जाते. युरोपीय संघाच्या 2024 च्या निर्देशांत या संस्थांची सेवा विनामूल्य, देशभर आणि दुर्गम भागातही मिळाली पाहिजे, असे बंधन आहे.

भारतात सर्व प्रकारच्या भेदभावासाठी एकच संस्था नाही. सच्चर समितीने 2006 मध्ये समान संधी आयोगाची शिफारस केली, 2008 मध्ये माधव मेनन यांच्या तज्ज्ञ गटाने त्याचा आराखडाही दिला; आयोग मात्र झाला नाही. त्यामुळे राज्य मानवी हक्क आयोग, राज्य महिला आयोग, अल्पसंख्याक आयोग, अनुसूचित जाती-जमातींसाठीची यंत्रणा, दिव्यांग आयुक्त, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळासाठी जिल्ह्याची स्थानिक समिती अशी कामाची वाटणी आहे. दलित कुटुंबातल्या दिव्यांग मुलीला कामावर त्रास झाला, तर तिने यांपैकी कोणते दार ठोठवायचे, हे वकिलालाही चटकन सांगता येत नाही.

काही प्रश्न तर कुठल्याच दारात नीट बसत नाहीत. घोडबंदर रोडवर किंवा वाशी-नेरुळमध्ये भाड्याने घर शोधताना आडनाव ऐकून दलाल ‘मालक फॅमिलीलाच देतो’, ‘सोसायटी प्युअर व्हेज आहे’ असे सांगून फोन ठेवतो. संविधानाच्या अनुच्छेद 15 मध्ये दुकाने, हॉटेले, विहिरी, रस्ते यांचा उल्लेख आहे. खाजगी घरमालकाचा नाही. पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकाच समाजापुरते सभासदत्व ठेवणारा उपविधी (संस्थेचा अंतर्गत नियम) ग्राह्य धरला होता. नकार तोंडी असतो, कागद नसतो. अशा माणसाला ‘अर्ज करा’ म्हणून सांगणारी पत्रके वाटण्यात फारसा अर्थ नाही.

अंतर आणि हद्द

मानवी हक्क आयोगाचे कार्यालय मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या परिसरात आहे, महिला आयोगाचे वांद्र्यात, तर दिव्यांग आयुक्तांचे पुण्यात. जिल्ह्याचा कारभार ठाण्यातून चालतो. 2014 मध्ये पालघर वेगळा झाल्यानंतरही शहापूर आणि मुरबाडचे पाडे ठाणे जिल्ह्यातच राहिले.

नवी मुंबईतली अडचण नकाशावर दिसते, लोकांच्या बोलण्यात दिसत नाही. बेलापूर आणि खारघर लागून आहेत आणि राहणारे दोन्हींना नवी मुंबईच म्हणतात. पण बेलापूर ठाणे जिल्ह्यात येते, तर खारघर रायगडमध्ये, पनवेल महापालिकेच्या हद्दीत. खारघरला राहणारी घरकामगार बेलापूरच्या घरात काम करत असेल, तर तिची स्थानिक समिती ठाण्याची; तिचीच शेजारीण खारघरमध्येच काम करत असेल, तर रायगडची, म्हणजे अलिबागकडची. चुकीच्या कार्यालयात गेले की ‘हे आमच्याकडे येत नाही’ हे उत्तर ठरलेले. कायद्यात यावर तोड आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यानुसार तालुका आणि शहरांत प्रभाग किंवा नगरपालिका पातळीवर समन्वय अधिकारी नेमायचे आहेत. त्यांनी तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडे पाठवायची आहे. महापालिकेच्या प्रभाग कार्यालयाच्या दर्शनी फलकावर त्या अधिकाऱ्याचे पद आणि फोन लिहिला, तरी बाईची एक फेरी वाचते. लिहिता येत नसेल तर तक्रार लिहून देण्यास मदत करणे हीही समितीची जबाबदारी आहे, उपकार नव्हे.

वेळ, भाषा, भीती

लैंगिक छळाची तक्रार तीन महिन्यांत करावी लागते; सबळ कारण असल्यास आणखी तीन महिने मिळतात. मानवी हक्क आयोगाकडे मुदत एक वर्षाची आहे. हे आकडे वीटभट्टीच्या हंगामाशी ताडून पाहिले की गोम कळते. शहापूर-मुरबाडची कातकरी कुटुंबे दिवाळीनंतर उचल (मजुरीपोटी आगाऊ रक्कम) घेऊन भट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. सुनावणीची नोटीस पाड्यावर येते तेव्हा दाराला कुलूप असते. जातीवरून शिवीगाळ, मजुरी बुडवणे, मारहाण हे सारे भट्टीवर घडते, आणि तिथे असताना तक्रार करायची तर उचल देणाऱ्याच्याच डोळ्यांसमोरून जावे लागते. 1976 च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यात जिल्हा व उपविभाग पातळीवर दक्षता समित्यांची तरतूद आहे. त्यांनी हंगामात भट्ट्यांवरच जाणे हाच त्यावरचा उपाय दिसतो.

तक्रारी ऐकण्याचा जिल्हा लोकशाही दिन महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, महिला लोकशाही दिन तिसऱ्या सोमवारी. घरकामगाराने सोमवारी सुट्टी घेतली तर खाडा पडतो, आणि माथाडी कामगारालाही रोजंदारी सोडून यावे लागते. भाषेचा प्रश्न भिवंडीत ठळक होतो. यंत्रमागावर उर्दू, हिंदी आणि तेलुगू बोलणारे कामगार आहेत, सूचना मात्र कार्यालयीन मराठीत. (ती मराठी ठाणेकरालाही दोनदा वाचावी लागते.)

भीतीबद्दल पत्रकांत सहसा काहीच नसते. लोक पहिला प्रश्न विचारतात तो कलमाचा नसतो. ‘शेठला कळेल का?’ हा असतो. नाव कोणाला दिसेल, नोटीस कधी जाईल, मधल्या काळात काम गेले तर काय, याची उत्तरे आधी द्यावी लागतात.

कोणामार्फत पोहोचायचे

त्रास झालेला माणूस आधी ओळखीच्याकडे जातो: बचत गटाची अध्यक्ष, अंगणवाडी सेविका, आशाताई, युनियनचा माणूस, नगरसेवकाचे कार्यालय. यांतले काहीजण अर्ज लिहून देतात, तर काही ‘मिटवून टाका, उगाच कोर्टकचेरी कशाला’ असा सल्ला देतात. यंत्रणेने प्रशिक्षण द्यायचे ते आधी या मंडळींना. विधी सेवा प्राधिकरणाचे विधी स्वयंसेवक याच जागी उपयोगी पडतात. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. वाशीतील महापालिकेच्या ईटीसी केंद्रात (दिव्यांगांसाठीचे शिक्षण-प्रशिक्षण केंद्र) दिव्यांग मुलांचे पालक नेमाने येतात. शाळेत प्रवेश नाकारल्यास कोणाकडे जायचे हे त्यांना तिथल्या बाकावर सांगितले तर कानावर पडते, सभागृहातल्या कार्यशाळेत नाही.

हेल्पलाइन आहेत: अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या प्रतिबंधासाठी 14566, महिलांसाठी 181, विधी सहाय्यासाठी 15100. फोनमुळे अंतर कमी होते. पण फोनवर सांगितलेल्या गोष्टीची पोच हातात राहत नाही, आणि पुढच्या प्रत्येक टेबलावर आधी तीच मागतात. शिक्का मारलेली दुय्यम प्रत आणि आवक क्रमांक मिळाला तरच अर्ज ‘दिला’ असे धरले जाते, हे शिबिरात कलमांच्या आधी सांगावे.

खर्चाचेही तसेच. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक नियम, 1995 नुसार तपासासाठी आणि खटल्यासाठी येणाऱ्या पीडितांना व साक्षीदारांना प्रवासखर्च आणि दैनिक भत्ता द्यावा लागतो. शहापूरच्या पाड्यावरून ठाण्याच्या न्यायालयात यायचे तर जीप, लोकल आणि रिक्षा असा तीन ठिकाणी पैसा जातो, त्यात दिवसाची मजुरी बुडते ती वेगळीच. हा भत्ता मागता येतो, हे पहिल्या तारखेच्या आधी सांगायचे असते.