टाळू ‘छापली’ म्हणजे नेमकं काय केलं?

‘थ्रीडी प्रिंटरने छापली रुग्णाची टाळू’ असे मथळे अधूनमधून झळकतात. मुळात टाळू, म्हणजे तोंडाचं छत, कोणी छापत नाही. छापतात ते तिला पडलेल्या भोकाचं बूच आणि छपाई हा त्यातला सगळ्यात सोपा भाग.

कर्करोगाची गाठ किंवा म्युकरमायकोसिसने सडलेलं हाड काढल्यावर तोंड आणि नाक यांच्यातला पडदाच जातो. प्यायलेलं पाणी नाकातून येतं. ‘ब’ उच्चारायला मिटलेल्या ओठांमागे हवेचा दाब साठावा लागतो. तो नाकावाटे निसटतो आणि ‘बाबा’ म्हणावं तर ‘मामा’ ऐकू येतं. यावरचा उपाय म्हणजे ऑब्च्युरेटर, म्हणजे बूच जोडलेली वरची कवळी. सोळाव्या शतकात आंब्रुआझ पारे हा फ्रेंच शल्यविशारद स्पंज लावलेली धातूची पट्टी यासाठी वापरत असे.

पारंपरिक पद्धतीत अल्जिनेटचा, म्हणजे तोंडात घट्ट होणाऱ्या साच्याच्या पदार्थाचा, लगदा भरून माप घेतात. तो फाटून तुकडा आत अडकायची भीती असते. शिवाय शस्त्रक्रियेनंतर किंवा रेडिएशननंतर अनेकांचं तोंडच पुरतं उघडत नाही. तोंडातला स्कॅनर इथे कामाला येतो, पण प्रकाश पोहोचेल तेवढंच त्याला दिसतं. खोल पोकळी सीटी स्कॅनमधून घ्यावी लागते. सीटीत धातू भरलेल्या दातांभोवती रेघोट्या उमटतात, म्हणून दात स्कॅनरचे, पोकळी सीटीची, आणि दोन्ही प्रतिमा दातांवरच्या समान खुणांवर जुळवायच्या.

आता खरी मजा. पोकळी बहुधा तोंडाशी अरुंद आणि आत रुंद असते. बूच आतल्या कपारीत थोडं शिरलं तर टिकतं, जास्त शिरलं तर निघतच नाही. म्हणून आधी ते घालायची दिशा ठरवतात. त्याच दिशेने प्रकाश टाकल्याची कल्पना करा: जिथे सावली, तिथे अंडरकट, म्हणजे बूच अडकेल अशी कपार. दिशा काही अंश कलती केली की सावल्या सरकतात. एक कपार मोकळी होते, दुसरी झाकते. त्यातच दातांना धरणाऱ्या तारांनाही तीच दिशा मानवायला हवी. कुठली सावली बुजवायची आणि कुठली राखायची, हा निर्णय माणसाचा. ‘सगळं एआय करतं’ म्हणणाऱ्यांनी हा टप्पा एकदा बघावा.

बूच भरीव ठेवलं तर वजनाने दात ओढले जातात, म्हणून ते पोकळ करतात. आत अडकलेलं ओलं रेझिन, म्हणजे छपाईचं द्रव प्लास्टिक, काढायला एक छिद्र ठेवतात आणि मग तेही बंद करतात.

एवढं करूनही मऊ टाळू गिळताना-बोलताना हलतेच. स्थिर प्रतिमेत ती हालचाल येत नाही. म्हणून शेवटी बुचाच्या कडेला मऊ मेण लावून रुग्णाला गिळायला, मान वळवायला, बोलायला सांगतात आणि कडा घडवतात. जखम भरताना पोकळीचा आकारही महिनोन्‌महिने बदलत राहतो, त्यामुळे पहिलं बूच कायमचं नसतं.